माझी झालर आणि एकेचाळीस रोपं

मी एक जुना तंबू आहे मित्रांनो, आणि माझी एक बाजू आखूड आहे. पाहणाऱ्याला वाटतं, धुण्यात आटला असेल. तसं नाही. ती बाजू मी दान केली. निदान मी तरी असंच सांगतो.

माझा जन्म शिलाई मशीनवर झाला. एका दुकानापुढचं लाल-पांढरं कापडी छत उतरवलं, ते आमच्या शिंपीणबाईंनी घरी आणलं. चार रविवार खपून त्यांनी मला बेतलं आणि खाली चक्क झालर लावली. "तंबूला झालर कशाला?" त्यांच्या यजमानांनी विचारलं. "कापड उरलंय," बाई म्हणाल्या आणि विषय संपला.

यजमान शहराच्या सफाई खात्यात मुकादम. शनिवारी ते, बाई आणि लेक चिमी बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरत, अर्धा तास चालत आणि तलावाकाठच्या गवतात मला उभं करत. चूल नाही, कर्णा नाही, घरचे डबे. रविवारी निघताना मुकादम जागा अशी झाडत, की इथे कोणी राहिलं होतं हे मुंग्यांनासुद्धा कळू नये. येणारेजाणारे थांबून माझी शिवण पाहत. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

पुढे माझे टाके उसवले. चिमी कॉलेजात गेली आणि मला वाहायचं काम तिच्या खांद्यावर आलं. तिने एक नवा तंबू हेरून ठेवला. झटका दिला की उघडतो म्हणे. "ही याची शेवटची खेप. मग पायपुसणी करू," बाई म्हणाल्या. तेही माझ्यादेखत! मी मनातून पार खचलो. त्या खेपेला जीव तोडून ताठ उभा राहिलो, पण कोणाचं लक्ष असेल तर शपथ.

रविवारी सकाळी मुकादम पोतं घेऊन परतले. "एकेचाळीस! गवतात जागोजागी काठ्या आणि त्यांना लाल प्लास्टिकच्या पट्ट्या. लोकांना लाज म्हणून नाही." काठ्यांची त्यांनी मोळी बांधली होती. पट्ट्यांचे मात्र, जागा कमी लागावी म्हणून, कात्रीने बारीक तुकडे केले होते.

इतक्यात झारी घेऊन वनरक्षक आले. "माझ्या खुणा कुठे गेल्या?"

मुकादमांनी पोतं मागे लपवलं.

"अहो, प्रत्येक काठीशी एक रोप आहे, बोटभर उंचीचं. उद्या गवत कापायला माणसं येतायत. खूण नसली तर सगळी रोपं विळ्याखाली जातील." त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

मुकादमांचा चेहरा पडला. बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या पिशवीत कात्री असतेच. दुखलं का? दुखलं. झालरीच्या अडतीस चिंध्या निघाल्या, उरलेल्या तीन माझ्या एका बाजूतून.

मग चौघंही गुडघ्यांवर रांगत रोपं शोधू लागली. सापडलं की काठी रोवायची, चिंधी बांधायची. दुपार कलली तेव्हा चाळीस झाली. एकेचाळिसावं काही सापडेना. शेवटी चिमी माझ्या जागेवर वाकली. शनिवारी मला उभारायला जागा साफ करताना मुकादमांनी पहिली काठी तिथलीच उपटली होती, आणि त्या रोपावर मी बिनघोर पसरलो होतो. ते आडवं झालं होतं, पण जिवंत होतं. मला तर तोंड दाखवायला जागा उरली नाही.

"चिंध्या विटतील. दोन महिन्यांनी बदलायला या," वनरक्षक म्हणाले.

परतीच्या वाटेवर बाईंनी विचारलं, "मग नवा तंबू कधी घ्यायचा?"

चिमीने मला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "त्याच्या चिंध्या होतील का?"

तेव्हा मित्रांनो, जुनं काही टाकण्याआधी एकदा उलगडून बघा. आणि साफसफाईचा फारच उत्साह आला, तर आधी कोणाला तरी विचारा. आम्ही अजूनही तिथे जातो. ते एकेचाळिसावं झाड चिमीच्या डोक्यावर गेलंय. मी त्याच्यापासून चार पावलं लांब उभा राहतो, तरी दुपार कलली की त्याची सावली माझ्या आखूड बाजूपर्यंत येते.