चांदीचा फ्लास्क

निरोपसमारंभात देवधर मॅडमना काय द्यायचं यावर वर्गात बराच खल झाला आणि शेवटी रोहिदासचं म्हणणं सगळ्यांना पटलं. शाल आणि नारळ कोणीही देतं. आपण रसायनशास्त्राचे विद्यार्थी. आपण काचेच्या फ्लास्कला आतून चांदी चढवून देऊ. वाशीच्या या नव्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन बाहेर पडणारी ही पहिलीच तुकडी होती आणि मॅडम पहिल्या वर्षापासून तिच्या मार्गदर्शक होत्या.

आता तो फ्लास्क टेबलावर, कॉर्कच्या कड्यावर बसवून ठेवला होता. तोंडाला कापसाचा बोळा, गळ्याला लाल रिबन. टेबलामागे मॅडम आणि लॅब सांभाळणारे तांडेल सर बसले होते. नंदकुमार भाषण करत होता. "मॅडमनी आम्हाला अमोनियाच्या वासात लहानाचं मोठं केलं," तो म्हणाला, आणि हॉल हसला.

"आरसाच झालाय रे," सुनीती शेजारच्या रोहिदासला म्हणाली.

"अजून चांगला होनार हाय. पहिला थर पातळ आला, म्हनून काल सकाली दुसरं पानी भरलं. आत चांदी बसतेच हाय."

"आत द्रावण आहे? अजून?"

"मग? मॅडमच्या घरी जाईस्तवर पक्की होईल."

सुनीतीने पुन्हा फ्लास्ककडे पाहिलं. टॉलेन्सचं हे द्रावण करायचं, वापरायचं आणि लगेच ओतून टाकायचं. राहू दिलं तर त्यात काळा गाळ धरतो आणि तो नुसत्या धक्क्याने फुटतो. ही ताकीद मॅडमनी प्रॅक्टिकलच्या वेळी तोंडी दिली होती. रोहिदास त्या दिवशी नारळी पुनवेसाठी सारसोळ्याला, घरी होता.

कालपासून. एप्रिलच्या उकाड्यात.

"काय झालं गं?" रोहिदासने विचारलं.

ती मॅडमच्या हातांकडे पाहत होती. कुठलाही फ्लास्क समोर आला की मॅडम तो गळ्याशी धरून उजेडाकडे नेत आणि त्यांचं मनगट आपोआप गोल फिरे. वर्गातली मुलं त्याची नक्कल करत. ओरडावं, तर सगळे एकदम उठतील, खुर्च्या ढकलतील, टेबल हलेल. गप्प बसावं, तर नंदकुमारचं भाषण संपतच आलं होतं.

"...ही छोटीशी भेट मॅडमनी स्वीकारावी."

टाळ्या सुरू झाल्या. मॅडम हसत उभ्या राहिल्या. सुनीती मधल्या वाटेने चालू लागली. धावायचं नाही, एवढंच ती स्वतःला बजावत होती. टेबलापाशी पोहोचली तेव्हा मॅडमची बोटं रिबनला टेकायचीच बाकी होती.

"मॅडम, हात लावू नका. आत टॉलेन्सचं द्रावण आहे. काल सकाळचं."

मॅडमचा हात होता तिथेच थांबला. चेहऱ्यावरचं हसू जायला मात्र थोडा वेळ लागला. मग त्यांनी हात सावकाश मागे घेतला.

"सगळ्यांनी उठायचं," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "मागची रांग आधी. खुर्च्या ओढायच्या नाहीत. नंदकुमार, माईक सोडून दे. तांडेल सर, लॅबमधून विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि लांब ड्रॉपर आणाल? द्रावण इथेच निकामी करू."

"मी थांबते मॅडम. मी मदत करते."

"तू बाहेर जा. निकाल लागेपर्यंत तुमची मार्गदर्शक मीच आहे."

बाहेर, पटांगणाच्या कडेला वर्ग उभा होता. खाडीवरून वारा येत होता, तरी सगळे घामेजले होते. रोहिदास जमिनीवर बसला होता. "माज्या हातानं झालं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "माज्या हातानं."

"गप रे," सुनीती म्हणाली. तिला स्फोटाचा आवाज ऐकायचा नव्हता. ती कान देऊन उभी होती आणि काही ऐकू येऊ नये असं मनात घोकत होती. आत एकदा चिमटा पडल्यासारखं काही वाजलं. कोणी हललं नाही.

बऱ्याच वेळाने तांडेल सर दारात आले आणि त्यांनी 'झालं' अशी मान हलवली. त्यांच्यामागून मॅडम आल्या. पदर खोचलेला, बाकी सगळं जागच्या जागी. रोहिदास उठला, पण पुढे जायचं त्याला धाडस होईना.

"चांदी छान चढली होती," मॅडम त्याला म्हणाल्या. "पाणी आहे का कुणाकडे?"

सुनीतीने पेला पुढे केला. मॅडमनी तो घेतला, पण हात इतका थरथरत होता की पाणी साडीवर सांडलं. सुनीतीने पेला स्वतःच्या हातात घेतला आणि त्यांच्या ओठांना लावला. मॅडमनी मुकाट्याने सगळं पाणी पिऊन टाकलं.