भिंतीवरची बाग

दुपारी खिडकीच्या झडपा मिटल्या, की वरच्या निजायच्या खोलीत पलंगासमोरच्या भिंतीवर बाबा चालत. डोके खाली, पाय वर. बाबांना जाऊन वर्ष होत आले होते.

आईने हे लेकीला ताटात वाढता वाढता सांगितले. मीठ संपल्याचे सांगावे त्या सुरात.

"उलटे?" लेकीने विचारले.

"उलटे. पण चाल तीच. वाकून, मातीकडे बघत. गवतावर पाय देणार नाहीत, कडेकडेनं जातील."

"आणि बोलतात काही?"

"जिवंतपणी कुठं बोलायचे?"

लेक प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत असे. नमुना हाती आल्याशिवाय मत द्यायचे नाही, ही सवय तिने घरीही सोडली नव्हती. म्हणून आई तिला शंकासूर म्हणे. या वेळी मात्र तिचे मत आधीच बनून गेले होते, आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती. आईचे डोके ठिकाणावर राहिलेले नाही.

बंगला विकायला काढला होता. बाबांनी तो पडक्या अवस्थेत घेतला, आणि नोकरी सुटल्यानंतरचे सगळे आयुष्य त्याच्या कौलांत, जिन्यांत आणि चौकटींत घातले. मग बाग आखली. उतारावर हिरवळीचे टप्पे, मधोमध लांबट तळे, त्याच्या काठाने छाटलेली झुडपे, आणि झुडपांतून अशी वळत गेलेली पायवाट, की चालणाऱ्याला घर क्षणभर दिसेनासे व्हावे आणि पुढच्या वळणावर नव्याने भेटावे. माळी होता, तरी एवढा पसारा आईला एकटीला झेपेना. विक्री झाली की तिने शहरात लेकीकडे राहायचे, असे ठरले होते. पण गेलेली माणसे भिंतीवर पाहणाऱ्या बाईला दिवसभर एकटे कसे ठेवायचे? डॉक्टरांनी देखरेख असलेला एक वृद्धाश्रम सुचवला. तिथे एक खोली रिकामी होती. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

घराच्या दलालाची काळजी वेगळी होती. "ताई, गिऱ्हाइकासमोर काकूंना तेवढं बोलू देऊ नका. आपण बागेसकट घर विकतोय, मालकासकट नाही."

लेकीने तपास केला नव्हता असे नाही. दुपारी ती त्या खोलीत जाई, नीट दिसावे म्हणून आधी झडपा सताड उघडत असे, मग भिंत न्याहाळी, बोटांनी चाचपी. ओल नाही, डाग नाही, पोपडा नाही.

"तू आलीस की जातात," आई म्हणे. "लहानपणीही तू खोलीत शिरलीस की त्यांची झोपमोड व्हायची."

त्या दुपारी लेक फोन घेऊन बाहेर निघाली, तेव्हा आईने पलंगावरून हाक मारली.

"अगं, एकदा माझ्याशेजारी पड. खिडकीला हात लावू नकोस. मग कर त्या आश्रमवाल्यांना फोन."

लेक जागच्या जागी थबकली. आश्रमाचे तिने आईला सांगितलेच नव्हते. ती येऊन आडवी झाली.

आधी नुसता अंधार होता, आणि आईचा संथ श्वास. मग भिंत हळूहळू विरघळू लागली. छताजवळ हिरवा रंग उमलला आणि हिरवळ झाला. तिच्यातून झाडे खाली लोंबू लागली, वाऱ्याने मुळीच आवाज न करता हलू लागली. जमिनीलगत, कपाटाच्या पायांशी, निळे आकाश साचले होते, आणि त्यात एक पांढरा ढग तळाला बसलेल्या साखरेसारखा सावकाश सरकत होता. तळे वर होते. त्यातले पाणी सांडत नव्हते. आपण पडलो आहोत की तरंगतो आहोत, हे लेकीला कळेना. कळून घ्यावे असेही वाटेना.

मग पायवाटेवर टोपी आली. रुंद काठाची, गवती. तिच्या वर वाकलेली पाठ, आणि सगळ्यांत वर कडेकडेने पडणारी पावले.

"बाबा," लेकीच्या तोंडून गेले.

"बघ," आई कुजबुजली.

टोपी झुडपाआड गेली, पुन्हा दिसली. लेक उठली. आईने तिचा हात धरला, मग सोडून दिला. लेक खिडकीपाशी पोचली, तसा बागेचा अर्धा भाग विझला. ती बाजूला झाली. बाग परत आली. झडपेवर, जिथे पितळी मूठ असायची तिथे, एक तेजस्वी ठिपका होता. तिने त्यावर तळवा ठेवला. भिंत कोरी झाली. तळवा उचलला, तळे परतले.

तिने भोकाला डोळा लावला.

"आई, माळीकाका आहेत. त्यांच्या डोक्यावर बाबांची टोपी आहे."

"मीच दिली. उन्हात राबतो बिचारा." आई पलंगावर उठून बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"नाही. मलाही दिसलं."

"आणि हे आलेले नाहीत."

"नाही, आई."

आईने पदराने डोळे टिपले. "बाग मात्र त्यांचीच ना?"

"बाग त्यांचीच."

लेकीने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला आणि खोली नको म्हणून कळवले. आईने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

"तुझ्या घराला झडपा आहेत का गं?"

"जाड पडदे आहेत."

"चालतील. भोक पाडता येईल."

"समोर पार्किंग आहे, आई."

"असू दे. उलट्या गाड्या बघू."

कारण असे होते. घर गिऱ्हाइकांना दाखवण्यापूर्वी दलालाने झडपांच्या पितळी मुठी उजळायला पाठवल्या, आणि मुठीच्या जागी बोटभर भोक उरले. अंधाऱ्या खोलीत अशा भोकातून येणारा प्रकाश सरळ रेषेत जातो. वरून येणारा खाली पडतो आणि खालून येणारा वर, म्हणून बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. भोक मोठे असल्याने चित्र पुसट होते. टोपी ओळखू येत होती, चेहरा नाही. माळी गवतावर पाय देत नसे, कारण त्याला चालायला बाबांनीच शिकवले होते. आणि लेकीला इतके दिवस काही दिसले नाही, कारण पाहण्यासाठी ती आधी खिडकी उघडत होती.