तळघरात विझलेली आरती

ते साल दोन हजार एकोणीस. लातूरच्या आडत बाजारामागे गंगम्माची डाळमिल होती. थोरला मुलगा रुद्रेश वारल्यावर मिलचा कारभार त्याची बायको अंबिका बघायची, आणि धाकट्या रेवणप्पाला तेच सलत होतं. त्या खंडेनवमीला गंगम्माने सांगून टाकलं, यंत्रांची पूजा अंबिकाच करील.

"अव्वा, विधवेच्या हातची आरती लक्ष्मीला चालंल व्हय?" रेवणप्पा म्हणाला.

"मिल चालतीय की तिच्या हातची."

पूजा शेवटी तळघरात आली. तिथे कॉम्प्युटर, विजेचं मोठं पॅनेल, आणि कोपऱ्यात रुद्रेशने लिलावात घेतलेली जुनी लाल टाकी. टाकीत हॅलॉन, आग विझवणारा वायू. दार लावलेलं, अगरबत्त्यांचा ढग, त्यात कापूर. छताला लावलेल्या धूर हेरणाऱ्या यंत्राला वाटलं, आग लागली. भोंगा वाजलाही असेल, पण घंटा आणि टाळांच्या गलक्यात तो कोण ऐकणार? मोठा फूत्कार झाला. निरांजन, कापूर, समई, सगळं एका दमात विझलं.

रेवणप्पाने काडी ओढली. फुर्र झाली आणि मेली. दुसरीचंही तेच.

"बघा, लक्ष्मी रुसली. मिलच्या किल्ल्या आजपासून माझ्याकडं."

"भाऊजी, गॅस सुटलाय. आधी वर चला," अंबिका म्हणाली.

"गॅस असता तर आपुन गुदमरलो नसतो?"

"ह्यो जाळाला मारतो, माणसाला लगेच न्हाई. पण थांबलं की डोकं फिरतं, काळीज धडधडतं. जाळात सापडला तर इखारी धूर होतो."

गंगम्माच्या नाकाला झोंबत होतं, छाती उडत होती. तिने रेवणप्पाचं मनगट धरलं आणि सगळ्यांना वर काढलं.

अंगणात अंबिकाने निरांजन लावलं. पहिल्या काडीला पेटलं.

"वर पेटणारच," रेवणप्पा म्हणाला. "लक्ष्मी खाली हाय."

गंगम्माने दुसरं निरांजन त्याच्याच हातून लावून टोपलीत ठेवलं, टोपली दोरीला बांधली आणि दोरी त्याच्या हातात दिली. "तू सोड. तू तर सुवासिनीचा दादला. पायरी उतरू नको, वरूनच सोड."

हमाल जवळ सरकले. टोपली हळूहळू खाली गेली. तळाशी साचलेल्या जड वायूत टेकते न टेकते, तोच ज्योत गेली.

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"बोल," गंगम्मा म्हणाली, "तुझ्यावरबी रुसली का?"

रेवणप्पा दोरी गुंडाळत राहिला. गंगम्माने किल्ल्यांचा जुडगा सगळ्यांदेखत अंबिकाच्या कमरेला खोचला. "चला, आरती राह्यलीय. अंगणातच करू. आन् घंटा जोरात वाजवा, बाजारात ऐकू जाऊ द्या."

ती टाकी पुन्हा भरून मिळाली नाही. आभाळातला ओझोन खातो म्हणून तो वायू बनवणंच बंद झालंय. तळघरात आता दुसरी टाकी आहे आणि दारावर अंबिकाच्या अक्षरात पाटी: आत कापूर लावू नये. अंबिकाने जळकोटला दुसरी मिल काढली. रेवणप्पाने औशाला दुकान थाटलं. खंडेनवमीला येतो, आरतीला मागे उभा राहतो.

गंगम्मा दोन वर्षांमागे गेली. उशाशी दिवा अंबिकानेच लावायचा, असं तिने आधीच बजावून ठेवलं होतं. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, तेव्हा रेवणप्पाने पुढे होऊन काडेपेटी वहिनीच्या हातात दिली.