भन्ते विमलबुद्धींची संध्याकाळची शाळा

सोमलता गेली तेव्हा भन्ते विमलबुद्धींना श्रीलंकेहून नेपल्सला येऊन चारच महिने झाले होते. सोमलता आणि मी एकाच इमारतीत दोन म्हाताऱ्यांची देखभाल करायचो, ती तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. बावीस वर्षांची मैत्री. मागे राहिली तिची मुलगी दिलिनी, इथेच जन्मलेली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला.

दफनभूमीत भन्तेंनी अर्धा तास प्रवचन केलं. माणूस विद्वान. अकराव्या वर्षी चीवर घेतलं, कुरुनेगलजवळच्या विहारात पाली-संस्कृत शिकले, विद्यापीठात पहिले आले. त्यांची सिंहली इतकी शुद्ध की मधले मधले शब्द मलाही कळत नव्हते. दिलिनीची सिंहली तर भात-आमटीपुरतीच.

सगळं आटोपल्यावर तिने मला विचारलं, "पियसीली मावशी, आईबद्दल काय सांगितलं त्यांनी?"

"सगळं अनित्य आहे, असं."

"ते झालं. आईबद्दल?"

मी तिचा कोट तिच्यापुढे धरला.

"म्हणजे आज दुसरी कोणी गेली असती तरी हेच सांगितलं असतं," ती म्हणाली, आणि कोट चढवून निघून गेली.

भन्ते जवळ आले. "काय म्हणाली ती?"

"आभार मानत होती, भन्ते."

"उपासिका, खोटं न बोलण्याचं शील दर रविवारी माझ्याकडूनच घेता ना?"

मग मी खरं ते सांगितलं.

पुढच्या गुरुवारी, आमच्या अर्ध्या सुट्टीच्या दिवशी, मी विहारात स्वयंपाकाला गेले तर म्हणाले, "इथे मोठ्या माणसांना इटालियन शिकवणारी शाळा आहे म्हणतात. माझं नाव घाला." विहाराच्या समितीचे सचिव जयतिस्स तिथेच होते. ते हादरलेच. "आपण गुरू. मोलकरणींच्या शेजारी बाकावर बसणार?"

"मला रोज जेवू घालतात त्या कोण आहेत, जयतिस्स?"

जयतिस्सची बायकोही दोन घरची धुणीभांडी करते. तरी ते काही खूश झाले नाहीत.

सोबत म्हणून मीही नाव घातलं. बाई होत्या इम्माकोलाता, साठीच्या, आवाज खणखणीत. भन्तेंना शेहेचाळीसावं लागलं होतं. दोन आठवड्यांत त्यांनी क्रियापदांची सगळी रूपं पाठ केली आणि विहारातल्या परित्राणपाठाच्या चालीत म्हणून दाखवली. वर्गातल्या युक्रेनी बायका हात जोडायच्या बाकी होत्या.

"छान," बाई म्हणाल्या. "आता सांगा, काल जेवायला काय होतं?"

पाली व्याकरणावर ज्यांनी प्रबंध लिहिला, त्यांना डाळ म्हणता येईना.

पुढे एकदा निबंध आला, 'माझी आई'. भन्तेंनी पेन खाली ठेवलं. "भिक्षूने यावर काय लिहावं?" मी ते बाईंना सांगितलं.

"आधी मुलगा होता ना?" बाई म्हणाल्या. "त्याला लिहू दे."

आठवड्याने त्यांनी पाच ओळी वाचल्या. आई बसथांब्यावर अप्पम विकायची. मला चीवर दिलं त्या दिवशी ती माझ्या पाया पडली. त्यानंतर तिने मला कधी बाळ म्हटलं नाही. मी अकरा वर्षांचा होतो. मला गरम अप्पम हवं होतं.

बाईंनी चुका काढल्या नाहीत. वही मिटून परत दिली.

सोमलता जाऊन तीन महिने झाले की तिच्या नावाने भिक्षूंना जेवणाचं दान द्यायचं होतं, त्याआधी भन्ते म्हणाले, "मला त्या मुलीकडे घेऊन चला." दिलिनीने दार उघडलं, पण चेहरा बंदच. तिने रीतीप्रमाणे खुर्चीवर पांढरं कापड घातलं. भन्ते बसले आणि इटालियनमध्ये हळूहळू म्हणाले, "तुझी आई कशी आहे?"

"आहे नाही," दिलिनी पटकन म्हणाली. "होती."

बोलली आणि तिथेच जमिनीवर बसली. हुंदका फुटला. दफनाच्या दिवशीही ती रडली नव्हती. मी उठणार तोच भन्तेंनी हाताने थांबवलं. पाणी प्यायली, नाक पुसलं, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, "तुझी आई कशी होती?"

मग ती तासभर बोलली. आई लिफ्टला घाबरायची. मालकिणीचे झगे इस्त्री करताना बेसूर गायची. पोरीला इथे कोणी हसू नये म्हणून तिच्याशी सिंहली बोलणंच टाळलं, आणि शेवटी दवाखान्यात भान गेल्यावर सिंहलीच बोलत राहिली. "ती काय मागत होती ते मला कळलंच नाही," दिलिनी म्हणाली. त्यावर भन्तेंनी काही उपदेश केला नाही. तेवढं इटालियन त्यांना येत नव्हतं, आणि मला वाटतं, येत असतं तरी केला नसता.

दानाच्या दिवशी प्रवचन दहा मिनिटांचं झालं, अर्धं सिंहली, अर्धं मोडकं इटालियन. त्यात लिफ्ट आली, बेसूर गाणंही आलं. पोरंसोरं हसली. मागून जयतिस्स मला म्हणाले, "हे काय प्रवचन झालं?"

"तुम्हाला सगळं कळलं ना? मग झालं."

जूनमध्ये परीक्षा झाली. मी पास झाले, भन्ते लेखीत नापास. निकाल दारावर लावला होता तो त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा नाव घातलं. दिलिनी आता नोकरीला लागली आहे. वॉर्डात आपलं कोणी म्हातारं माणूस आलं, काही मागतंय आणि कोणाला कळत नाहीये असं झालं, की ती विहारात फोन करते. भन्ते बस पकडून जातात.