एकशे अठरा अंश

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत जो कोनमापक असतो, त्याचा मी थोरला भाऊ. तो वहीवरचे कोन मोजतो, मी माणसांच्या सांध्यांचे. स्टीलची दोन लांब पाती आणि मध्ये अंश कोरलेली चकती, एवढाच माझा पसारा. एक पातं मांडीला टेकवायचं, दुसरं पोटरीला. माणसाने गुडघा वाकवायचा आणि चकतीवरचा आकडा वाचायचा. आता माझे आकडे पुसट झालेत, मधला खिळा सैल झालाय. पवनानगरच्या एका छोट्या दवाखान्यात टेबलाच्या खणात मी पडून असतो. खण बंद झाला की मला एक आवाज ऐकू येतो. तेरा वर्षे झाली, तो थांबत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा चकचकीत होतो. एका लष्करी दवाखान्यात माझी नेमणूक झाली. निवृत्त होणाऱ्या सैनिकांना तिथे डॉक्टरांचं मंडळ तपासायचं. नोकरीत झालेल्या दुखापतीमुळे शरीराचा किती भाग निकामी झाला, ते हे मंडळ टक्क्यांत ठरवायचं. आधी बघायचं, की इजा नोकरीमुळेच झाली का. मग सांधा किती वाकतो ते मी सांगायचो आणि तक्त्यातून टक्के निघायचे. वीसच्या खाली आकडा आला, तर अपंगत्वाचं निवृत्तिवेतन नाही. दोन इजा असल्या तरी सरळ बेरीज होत नसे. एकदा एक हवालदार भांडायला आला होता. म्हणाला, गुडघ्याचे तीस आणि कानाचे वीस मिळून पन्नास होतात, हे माझ्या नातवालाही कळतं. सारिकाताईंनी त्याला डब्यातली भाकरी काढून दाखवली. पहिल्या इजेने भाकरीचा तुकडा नेला, दुसरी इजा उरलेल्या भाकरीतूनच आपला वाटा घेणार. म्हणून पन्नास भरत नाहीत, थोडे कमीच भरतात. हवालदार हसला, आणि भाकरी खाऊनच गेला.

या सारिकाताई तिथे व्यायामोपचार करायच्या आणि मला हाताळायच्या. नवी प्लास्टिकची उपकरणं आली, तरी मोठे डॉक्टर म्हणायचे, "तो जुनाच आणा, तो चुकत नाही." अशा कौतुकाने डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली होती.

तशात एका सकाळी भिमाजी आले. पवनानगरजवळच्या तिकोणा पेठ गावचे, तोफखान्यात सतरा वर्षे काढलेले. डोंगरातल्या चौकीवर तोफ चढवताना दोर तुटला होता आणि त्यांचा उजवा गुडघा खडकावर आपटला होता. ते ताठ चालत आत आले आणि सावधान उभे राहिले. सारिकाताईंनी मला त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. गुडघा गरम होता. तापाने फणफणलेल्या कपाळासारखा गरम, आणि त्याला निर्गुडीच्या पाल्याचा वास येत होता. ताईंचा हात क्षणभर थांबला. बाहेर बाकावर आणखी अकरा जण बसले होते. ताईंनी काही विचारलं नाही.

भिमाजींनी गुडघा वाकवला. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण चेहरा हलला नाही. एकशे अठरा अंश, म्हणजे धडधाकट गुडघ्यापेक्षा थोडंच कमी. डॉक्टरांनी विचारलं, "दर्द होता है?"

"नहीं साहब."

हाच तो आवाज. त्या दिवशी कागदावर पंधरा टक्के लिहिले गेले. भिमाजींनी सलाम केला आणि ते गेले. मला वाटलं, मी माझं काम चोख केलं.

पुढे माझे आकडे पुसट झाले आणि मला भंगारात काढलं. सारिकाताई नोकरी सोडून पवनानगरला स्वतःचा दवाखाना काढत होत्या. साहेबांना विचारून त्यांनी मला बरोबर घेतलं.

गेल्या वर्षी थंडीत भिमाजी त्या दवाखान्याच्या पायऱ्या एकेक करून चढले. सोबत त्यांची बायको रतनबाई होती. ताईंनी त्यांना ओळखलं, आणि मीही. ताईंनी मला गुडघ्यावर ठेवलं. बहात्तर अंश. त्यापुढे गुडघा जाईना.

"भाऊ, दुखतंय का?" ताईंनी विचारलं.

"न्हाई ताई. जरा आखडलाय, येवडंच."

तेव्हा रतनबाईंचा धीर सुटला. "आखडलाय म्हनं. ताई, बारा वर्सं झाली, ह्ये खाली जेवाया बसले न्हाईत. भात लावायला चिखलात उतरलं, की दोगांनी धरून काडावं लागतं. आन त्या मेडिकलच्या दिशी काय केलं ठावं हाय का? म्या पहाटंपासनं निर्गुडी तव्यावर गरम करून गुडघा शेकला. वर ह्यांनी दुखन्याच्या दोन गोळ्या खाल्ल्या. सासूबाई म्हनल्या, साहेबापुडं लंगडू नगं."

"अगं, मेडिकल म्हंजी पास व्हायचं असतं," भिमाजी खाली बघत म्हणाले. "सतरा वर्सं तेच केलं. कुनी सांगितलंच न्हाई, की त्या दिशी नापास व्हायचं हाय."

ताईंनी मला बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमचा गुडघा गरम आहे हे मला कळलं होतं. मी विचारायला हवं होतं." त्यांचे डोळे भरले.  माझा एकशे अठरा आकडा बरोबर होता, आणि त्याच आकड्याने या माणसाची बारा वर्षे खाल्ली होती.

अर्जाची मुदत केव्हाच उलटून गेली होती. तरी ताईंनी अर्ज लिहिला आणि त्यात स्वतःची चूकही लिहिली. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्या वेळी मंडळाने भिमाजींना पुन्हा तपासायला बोलावलं. मग महिनाभर दवाखान्यात एक विचित्र सराव चालला. ताई गुडघा वाकवायच्या आणि विचारायच्या, "दुखतंय का?" भिमाजींनी फक्त "व्हय" म्हणायचं होतं. तोफ डोंगरावर चढवणाऱ्या माणसाला तो एक शब्द उचलवत नव्हता. दर वेळी "न्हाई" यायचं आणि मग ते स्वतःच वरमायचे.

तपासणीच्या दिवशी ताईंनी मला पिशवीत टाकलं. मोजायला तिथे नवं यंत्र होतं, मी नुसता ऐकत होतो. तरुण डॉक्टरबाईंनी गुडघा वाकवला आणि विचारलं, "दर्द होता है?"

"नहीं साहब."

पिशवीत मी गारठलो. बारा वर्षांपूर्वीचा तोच सूर. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण डॉक्टरबाई पुढच्या माणसाला हाक मारेनात. खुर्ची ओढून त्या भिमाजींच्या समोर बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बाबा, घरी जेवायला कुठे बसता?"

 मग भिमाजी म्हणाले, "पलंगावर. खाली बसाया येत न्हाई. लय दुखतंय बाई."

कागदावर तीस टक्के लिहिले गेले. रतनबाई बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून रडल्या. भिमाजी घरी जाताना लंगडले आणि त्यांनी ते लपवलं नाही.

तरीही मित्रांनो, खणात मला ऐकू येणारा तो आवाज काही थांबला नाही. भिमाजींचं कळलं, कारण ते पुन्हा पायऱ्या चढून आले. बाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या अकरा जणांचं काय? त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या शेकडो गुडघ्यांचं काय? त्यांचे सगळे आकडे मी छाती फुगवून सांगितले होते. खणातल्या अंधारात ते एकेक करून येतात, ताठ उभे राहतात, आणि "नहीं साहब" म्हणतात. मी त्यांना काही विचारू शकत नाही. मला फक्त मोजता येतं.

तुम्हाला विचारता येतं. तुमच्या घरात, शेजारी कुणी तरी असेल, जे उठताना भिंतीला हात लावतं. त्यांना विचारा, दुखतंय का. ते "न्हाई" म्हणतील. तेवढ्यावर उठून जाऊ नका. खुर्ची ओढा, जवळ बसा आणि अजून एकदा विचारा.