वाघाचा भोंगा आणि आलेली लाइन

रंजीताने स्वतःच बनवलेली पेटी स्वतःच फोडली, तीही मामाच्या ओसरीवर पोहे खाता खाता.

पेटी वाघाची. मोहर्लीजवळच्या त्या गावात मामांच्या, म्हणजे गुणवंतरावांच्या, धानाच्या बांधीला लागून खांब होता. त्यावरचा कॅमेरा वाघ ओळखायचा आणि पेटी वाघाचा ठावठिकाणा सांकेतिक करून वनखात्याला धाडायची. शिकाऱ्याला तो कळला तर वाघ जातो, सफारीच्या जिप्सीवाल्यांना कळला तर वाघाची झोप जाते. वाघ नसला तर ‘नाही’ हा तोच तो निरोप सतत जाई. चिप चिमुकली, म्हणून सायफर, म्हणजे सांकेतिक करायची रीतही, तिला पेलेल अशी हलकी.

गोम विजेत होती. रंजीताच्या कंपनीने बॅटरी न देता पेटी शेतीच्या लाइनवर जोडली. थ्री-फेज आली की गावच्या मोटरी एकदम उठत, व्होल्टेज बसे आणि चिप ऐन हिशेबात चुकत असे. रंजीताने बरोबर निरोप आणि चुकलेला निरोप शेजारी ठेवले, खोटारड्याच्या दोन जबान्या ताडून पाहाव्यात तसे. थोड्याच जोड्यांत गुप्त किल्ली बाहेर आली. चोर हेच मुद्दाम करतो: नेमक्या क्षणी चिपला झटका देतो आणि ती काय चुकते ते बघतो. इथे झटका अख्खं गाव फुकटात देत होतं.

“बॅटरी मागू नको,” नागपूरहून तिचे साहेब राजदीप म्हणाले. “सॉफ्टवेअरमध्येच काय ते कर.”

तिने केलं. पेटी आता प्रत्येक निरोप दोनदा सांकेतिक करी आणि दोन्ही जुळले तरच धाडी. न जुळले तर? गप्प राहण्यात किल्ली वाचत होती, पण मामा वाचत नव्हते. गेल्या कार्तिकात वाघ त्यांच्याच बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसला होता. म्हणून नियम केला: निरोप रोखायचा, वाघ दिसल्यावर वाजतो तो खांबावरचा भोंगा वाजवायचा. शंका आली तरी वाघच समजायचा.

पंधरवड्याने ती भद्रावतीहून परत मामांकडे आली. बसते न बसते तोच भोंगा वाजला. मामांनी चपला घातल्या, फावडं उचललं.

“मामा, कुठी चाल्ले?”

“बांधीत. लाइन आली ना.”

“तो भोंगा वाघाचा आहे!”

“असन. पण वाजते तं लाइन आल्यावरच. वाघ काय रोज येते?” मामांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. “लय सोय केली पोरी. पहिले मोटरीपाशी बसून राहा लागे.”

रस्त्यावर अर्धं गाव फावडी घेऊन भोंग्याच्या दिशेने निघालं होतं.

“सुधार बाई ते,” मामी रुखमाबाई म्हणाल्या. “नाई तं एक दिवस हे वाघाच्या तोंडात जाईन अन् म्हणन, लाइन आली.”

राजदीपना न विचारता रंजीताने घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी खांबावर चढवली. मामींची मालिका गेली. व्होल्टेज बसेना, पेटी चुकेना. ती घरोघर सांगून आली: आता भोंगा वाजला तर वाघच. लोक “हो हो” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन आली. भोंगा वाजला नाही. गाव ओसरीवर बसून राहिलं.

दुपारी तो वाजला. मामा चपला घालून उंबऱ्यापर्यंत पोचले. रंजीता दारात आडवी आली आणि तिने मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्र त्यांच्यापुढे धरलं. धुऱ्यावर वाघीण पसरली होती. मामी रस्त्यावर धावल्या आणि फावडीवाल्यांना शिव्या देत परत फिरवू लागल्या.

“खरंच वाघ आहे, मामा.”

मामांनी चित्र निरखून पाहिलं. वाघिणीकडे नाही, तिच्यामागच्या कोरड्या बांधीकडे.

“मंग लाइन?”

“सकाळीच आली होती. गेली बी.”

मामांनी फावडं भिंतीला टेकवलं.

“सकाळी आली,” ते म्हणाले, “अन् तू मले आता सांगून राह्यली?”

रंजीताने केलेला चहा त्यांनी त्या संध्याकाळी घेतला नाही.