आधी पाडा

खरं सांगते, त्या महिन्यात माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. काम म्हणाल तर एवढंसं. खालचं बाथरूम आणि कोठीची खोली यांच्या मधली भिंत पाडायची, दार रुंद करायचं, धरायला दांड्या लावायच्या. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि वॉकर घेऊन त्या आमच्या अरुंद दारातून आत जाऊच शकत नव्हत्या. म्हणून दवाखान्यातून त्या नणंदेकडे गेल्या. लेकीचं घर असलं तरी पाहुण्यासारख्या अवघडून बसायच्या. रोज फोनवर एकच, "मला घरी कधी नेताय?"

आणि आमचे हे? हे भाव उतरायची वाट बघत होते!

ह्यांचा बँकेतला मित्र म्हणे, थांब, व्याज खाली येणार. फरशीवाला म्हणे, आत्ताच उचला, डिझेल चढलंय, पुढचा माल महाग येईल. आणि कुणाकडूनही घ्या, पण भाव किती दिवस टिकणार ते लिहून घ्या. माझा भाऊ म्हणे, मोठी बांधकामं बंद पडतायत, कारागीर मोकळे होतील, मजुरी उतरेल. गवंडी म्हणे, मोकळे कुठले, सगळे तिकडेच पळालेत, मीच तेवढा उरलोय. शेजारच्या काकू म्हणत, हाताशी जास्तीचे पैसे ठेवा गं बाई, भिंत उघडली की आत काय निघेल याचा नेम नाही. एकाचं ऐकलं की पटायचं, दुसऱ्याचं ऐकलं की तेही पटायचं. अरे, मग माणसानं करायचं तरी काय?

रविवारी आम्ही सासूबाईंना भेटायला निघालो. वाटेत गवंड्याचा फोन आला. त्याच्याकडे कसलंतरी यंत्र घरघरत होतं, धड काही ऐकू येईना. शेवटी हे ओरडले, "आधी पाडा! मग पुढचं बोलू!"

संध्याकाळी परत येऊन बघतो तर घरभर धूळ. कोठीच्या दारात गवंडी विटांचे तुकडे पोत्यात भरत होता, चेहऱ्यावर काय ते समाधान!

"घ्या, पाडली. किल्ली काकूंनी दिली."

"अहो, भाव पाडा म्हटलं होतं मी! भाव!"

"भाव पाडणारा मी कोण, साहेब? मी भिंती पाडतो."

हसावं की रडावं मला कळेना. हे तर कपाळाला हात लावून खालीच बसले. फरशी ठरली नव्हती, कर्ज ठरलं नव्हतं, आणि बाथरूमला आता भिंतच नव्हती. मी रागारागात नणंदेला फोन लावला. "भिंत पाडली!" एवढंच बोलले आणि मला खोकल्याची उबळ आली. धूळच तेवढी होती. फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेची गाडी दारात उभी. सासूबाई कपडे-औषधांसकट आल्या होत्या. वॉकर टेकत टेकत थेट त्या भगदाडापाशी गेल्या आणि बघतच राहिल्या. डोळे भरून आले होते.

"काढलंस रे काम," त्या ह्यांना म्हणाल्या. "मी आपली भलतंच मनात आणत होते. वाटायचं, भाव उतरेपर्यंत म्हातारीच राहायची नाही, मग खर्च कशाला, असं तर तुझ्या मनात नसेल?"

गवंड्यानं तोंड उघडलं. मी असे डोळे वटारले की तो मुकाट्यानं पोतं बांधायला लागला.

"असं कसं म्हणतेस गं, आई," हे म्हणाले. पण बघत होते खाली. तसलं काही ह्यांच्या मनाला कधी शिवलं होतं का, मला आजही माहीत नाही. विचारायचा धीरच होत नाही.

मग हे सासूबाईंपाशी गेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना विचारलं, "फरशी कसली हवी तुला?"

"घसरणार नाही अशी. रंग तुम्ही बघा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आत्ता महाग आहे का रे?"

"माहीत नाही," हे म्हणाले, आणि चपला घालून फरशी आणायला बाहेर पडले.